ठिपक्याचा रकाना

नाटकांचे पोशाख भाड्याने देणाऱ्या त्या दुकानात वेबसाइटवाली पहिल्यांदा गेली, तेव्हा तिला बसायलाच जागा मिळेना. एका खुर्चीवर राजाचा झगा पसरला होता, दुसरीवर सिंहाचं डोकं होतं, आणि तिसरीवर जी बाई बसली होती ती उठायचं नाव घेत नव्हती, कारण तिच्या मांडीवर कुठल्याशा शिपायाचा कोट उसवून ठेवलेला होता.

"सिंहाला खाली ठेव आणि बस," ती बाई दातांत धरलेला दोरा न सोडता म्हणाली.

ही आत्या. दुकानातलं सगळं शिवणकाम तिच्याकडे होतं. दुकान तिच्या थोरल्या भावाचं. त्यांना सगळे मास्तर म्हणत, ते टेलर मास्तर म्हणून. शाळेशी त्यांचा संबंध स्नेहसंमेलनाला कपडे पुरवण्यापुरताच. आणि वेबसाइटवालीला बोलावलं होतं मास्तरांच्या लेकीनं. लेकीनं चाळिशी ओलांडली होती, दुकानाचा बहुतेक कारभार तीच बघायची, पण घरात आणि बाजारात तिचं नाव बेबी ते बेबीच राहिलं होतं. वेबसाइटवाली पहिल्या दिवसापासून तिला बेबीताई म्हणू लागली.

बोलावण्याचं कारण एक पांढरा कोट होता. एका हौशी नाटक मंडळीनं डॉक्टरचा कोट मागवला आणि त्यांना गेला आचाऱ्याचा. दोन्ही पांढरे, दोन्ही लांब बाह्यांचे. रंगमंचावर डॉक्टरनं नाडी बघायला हात पुढे केला तर बाहीवर हळदीचा पिवळा डाग, आणि ज्या प्रवेशात नायिकेचे वडील मरायचे होते तिथे लोक हसत सुटले. मंडळी चिडली. बेबीताईनं त्यांची माफी मागितली आणि सगळा दोष यादीवर टाकला.

यादी म्हणजे वेबसाइटच्या मागच्या बाजूची यादी. पुढची बाजू गिऱ्हाइकांना दिसायची, ती ठीकठाक होती: राजे, पऱ्या, पोलीस, भुतं, सगळ्यांचे छान फोटो. पण दुकानातून लॉगिन केलं की जे ॲडमिनचं पान उघडायचं, तिथे सगळ्या पोशाखांची लांबलचक यादी होती, आणि त्या यादीत रकाने तीनच. नाव, कुणी भरलं, कधी भरलं. बेबीताईनं वर्षभर खपून एकेक पोशाख स्वतः भरला होता, त्यामुळे मधल्या रकान्यात वरपासून खालपर्यंत बेबी, बेबी, बेबी असं लिहिलेलं. आणि नावं तर काय विचारूच नका. राजा. राजा लाल. राजा लाल जाड. राजा लाल जाड नवा. कुणी फोन करून विचारलं, की अंगानं भरलेल्या माणसाला बसेल असा राजा आहे का, तर एकेक राजा उघडून आत त्याचं माप बघायचं, तोवर पलीकडचा माणूस फोन ठेवून द्यायचा.

वेबसाइटवालीला अशी कामं मनापासून आवडायची. बाकीच्यांना वाटतं वेबसाइट म्हणजे पुढचं रंगरूप. तिला मात्र मागच्या बाजूचं कुतूहल जास्त. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आपल्या अंदाजानं तीन रकाने ठेवलेले असतात, पण माणसांना भलतंच काही हवं असतं, आणि एखाद्याला यादीत आधी काय दिसायला हवं हे कळलं की त्याचा अख्खा दिवस कळतो, असा तिचा अनुभव होता. म्हणून ती कामाला हात लावण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची: फोन वाजला, तर तुम्हाला सगळ्यात आधी काय बघावं लागतं?

बेबीताई म्हणाली, पोशाख दुकानात आहे की बाहेर गेलाय, आणि गेला असेल तर परत कधी येणार. मग माप. मग फोटो, म्हणजे जाड राजा आणि नवा राजा एका नजरेत वेगळे ओळखता येतील.

आत्यानं कोटावरची नजर वर न करता सांगितलं, की तिला फक्त काय फाटलंय ते हवं. बाकी जगाचं जगानं बघावं.

मास्तर आतल्या खोलीत होते. ती खोली म्हणजे छतापर्यंत लोखंडी दांड्या आणि त्यांना टांगलेले कपडे, मधून एका माणसापुरती वाट. मास्तर त्या वाटेनं पाण्यातल्या माशासारखे वळत वळत पुढे आले, कुठे कोपराचा धक्का नाही. त्यांनी प्रश्न ऐकून घेतला आणि म्हणाले, की त्यांना यादीची गरज नाही, त्यांचे हातच सांगतात. हे बोलताना ते वेबसाइटवालीच्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत होते. इतकं रोखून बघत होते, की मागे कोण आहे म्हणून तिनं वळून पाहिलं. मागे टोप्यांची फळी होती, बाकी कुणी नाही.

बाहेर आल्यावर बेबीताईनं आवाज उतरवला. "मनावर घेऊ नका. दुकानात कॉम्प्युटर आणल्यापासून बाबा माझ्यावर नाराज आहेत. माझ्याशीही असेच बोलतात. तोंडाकडे बघतसुद्धा नाहीत."

तिच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा थकवाच जास्त होता. वेबसाइटवालीनं विषय वाढवला नाही.

काम छान झालं. 'कुणी भरलं' आणि 'कधी भरलं' हे रकाने तिनं काढून टाकले, त्यांच्या जागी छोटा फोटो आला, माप आलं, कुठल्या दांडीवर टांगलंय ते आलं, आणि घरात की बाहेर हे हिरव्या-लाल रंगात आलं. मापाच्या रकान्यानं थोडा त्रास दिला. त्याच्या डोक्यावर टिचकी मारली की लहानापासून मोठ्यापर्यंत पोशाख ओळीनं लागायला हवे होते, पण एकशे चार सेंटिमीटर छातीचा राक्षस शहाऐंशीच्या परीच्या आधी येऊन उभा राहायचा. कॉम्प्युटर आकड्यांना अक्षरं समजून पहिल्या अक्षरावरून रांग लावत होता. हे आकडे आहेत, असं त्याला समजावून सांगितल्यावर राक्षस निमूटपणे मागे गेला. आत्यासाठी दुरुस्तीचा रकाना केला. तो बघून आत्या म्हणाली, की बरा आहे, पण यात "काख" हा शब्द फार वेळा दिसतोय, नट लोक हात फार वर करतात.

त्यानंतर काही दिवसांनी भर दुपारी मास्तरांचा फोन आला. त्यांनी आधी इकडचं तिकडचं विचारलं, जेवण झालं का, घरी सगळे बरे आहेत ना. मग घसा खाकरला.

"मलाही एक रकाना हवाय. रिकामा."

रिकामा म्हणजे कसा, असं तिनं विचारलं. त्यात नंतर ते काही लिहिणार होते का? मास्तर म्हणाले, की काही लिहायचं नाही. प्रत्येक ओळीत फक्त एक ठिपका. काळाभोर, चांगला वाटाण्याएवढा. रकाना नावाच्या डाव्या हाताला हवा आणि पोशाखाचं नाव आहे त्याच्या दुप्पट मोठं हवं. कशासाठी, हे तिनं विचारायच्या आतच ते म्हणाले, "आणि बेबीला सांगायची घाई नको." आणि फोन ठेवला.

वेबसाइटवाली भाऊ-भावजयीबरोबर राहत होती. कामाचं टेबल स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत होतं, त्यामुळे तिच्या प्रत्येक गिऱ्हाइकाची वहिनीला खडान्‌खडा माहिती असायची. ठिपक्याचं ऐकून वहिनीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. ती म्हणाली, की खुणेचा असणार. आपल्याला जे पोशाख आवडतात त्यांच्यावर म्हाताऱ्याला खूण करायची असेल. पण मग प्रत्येक ओळीत कशाला? सगळ्यांवर खूण केली तर ती खूण कसली? वहिनीनं आणखी थोडा विचार केला आणि सांगितलं, की मग यादी भरगच्च दिसावी म्हणून असेल, जुन्या माणसांना मोकळी जागा बघवत नाही. पण ते तर रिकामाच रकाना मागत होते. दोघींना काही उलगडा होईना. कित्येक वर्षांत तिच्याकडे लोकांनी हर तऱ्हेचे रकाने मागितले होते, पण काहीच न सांगणारा रकाना मागणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.

तिनं रकाना केला. काम मिनिटभराचं होतं, आणि त्या घाईतच चूक झाली. तिनं तो सगळ्यांच्याच यादीत लावला. अर्ध्या तासात बेबीताईचा फोन, की आपल्या यादीला गोवर आलाय, नाव न नाव सुजलंय. वेबसाइटवालीनं जीभ चावली. एक नवीन रकाना करून बघतेय, तुम्हाला आता दिसणार नाही, एवढंच तिनं सांगितलं, आणि ते खरंही होतं. मास्तरांच्या नावाचं लॉगिन बेबीताईनं सुरुवातीलाच काढून ठेवलं होतं. ते वापरत नाहीत, असं तिला वाटत होतं. वेबसाइटवालीनं ठिपके फक्त त्या लॉगिनला दिसतील असं केलं. बेबीताईही गडबडीत होती, तिनं पुढे काही विचारलं नाही.

मास्तरांचं मात्र समाधान होईना. ठिपका नावाला फार चिकटलाय, दोन बोटं लांब न्या. तिनं नेला. आता दोन ओळींत जास्त अंतर ठेवा. फोटो काढून टाका, मधे मधे येतो. माप काढा. दांडी राहू दे. घरात-बाहेर नको, ते बेबी बघते. एकेक करत सगळे रकाने गेले, आणि उरला तो ठिपका, त्याच्यापासून दोन बोटं अंतरावर टपोरं नाव, आणि त्यापुढे दांडीचा आकडा. वेबसाइटवाली आपली दोन बोटं पडद्याला लावून अंतर मोजत होती आणि तिचं कुतूहल तिला स्वस्थ बसू देत नव्हतं. जे रकाने लोक भांडून मागून घेतात, ते हा माणूस काढून टाकत होता, आणि ठिपक्याला मात्र जपत होता.

शेवटी ती उठली आणि दुकानात गेली. आत्याच्या रकान्यात काही बदल हवाय का ते विचारायला आले, असं सांगायचं तिनं ठरवलं होतं. बेबीताई कपडे पोचवायला बाहेर गेली होती. आत्या यंत्रावर. वेबसाइटवाली आतल्या खोलीच्या दारात थबकली.

मास्तर कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरपुढे बसले होते, पडद्याला नाक लागेल इतके जवळ. त्यांची नजर ठिपक्यावर होती. ती तिथून हलत नव्हती. आणि ते हळू आवाजात वाचत होते. "पहारेकरी. काळा. दांडी सहा." मग नजर खालच्या ठिपक्यावर. "म्हातारी. शालीची. दांडी दोन." एकदाही त्यांनी नावाकडे पाहिलं नाही आणि एकही नाव चुकलं नाही.

मग त्यांना कुणीतरी आल्याचं जाणवलं असावं. त्यांनी वळून थेट तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण आहे?"

ती दिव्याखाली उभी होती, चार पावलांवर. मास्तरांची नजर सावकाश बाजूला सरकली, दाराच्या कडीवर जाऊन थांबली, आणि त्यांचा चेहरा सैल झाला. "हां, तुम्ही होय. या."

तिनं आत्याच्या रकान्याचं काहीतरी विचारलं आणि ती घरी परतली. परतताना ते दृश्य डोळ्यांपुढून जात नव्हतं. घरी आल्यावर तिनं मास्तरांची यादी आपल्या पडद्यावर उघडली आणि स्वतः ठिपक्यावर नजर लावली. मग नजर न हलवता शेजारचं नाव वाचायचा प्रयत्न केला. हे फार अवघड असतं. डोळा ओढ घेतो, नावाकडे पळतो. आधी लहान अक्षरांत करून पाहिलं, काहीच लागेना. अक्षर मोठं केलं, अंतर बदललं, तेव्हा कडेला धूसर का होईना, पण शब्द उमटला: परी. वहिनीही बाजूला येऊन बसली. तिला दोन नावं वाचता आली, आणि तिसऱ्याला तिनं लबाडी केली.

"पण असं तिरकं वाचायचंच कशाला?" वहिनीनं डोळे चोळत विचारलं. "सरळ का नाही बघायचं?"

आणि ते मोठ्यानं विचारल्यावर दोघींनाही एकदमच कळलं. सरळ बघून दिसत नसेल तर.

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवाली पुन्हा गेली. या वेळी तिनं निमित्त शोधलं नाही. मास्तरांना आतल्या खोलीत गाठून तिनं सांगितलं, की ठिपका कशासाठी आहे ते तिला समजलंय असं वाटतंय, आणि चुकत असेल तर त्यांनी तसं सांगावं. मास्तर काही वेळ हातातल्या बाहीची शिवण चाचपत राहिले. मग त्यांनी सांगितलं.

मधलं गेलंय. गेल्या वर्षापासून हळूहळू. ज्याच्याकडे बघावं ते मधोमध पुसट होतं, ओल्या बोटानं पाटीवरचं पुसल्यासारखं. कडेचं सगळं शाबूत आहे, म्हणून चालता-फिरता कुणाला कळत नाही, आणि दांड्यांमधून ते पूर्वीसारखेच जातात. डॉक्टरनं सांगितलं, की गेलेलं परत येणार नाही, पण पूर्ण अंधारही होणार नाही. तिथेच एक बाई अशा लोकांना शिकवायला बसते. तिनं कागदावर एक काळा ठिपका काढून दिला आणि शिकवलं, की जे बघायचं असेल त्याच्या बाजूला नजर लावा. मास्तर कितीतरी दिवस वर्तमानपत्रावर पेनानं ठिपके काढून सराव करत होते. मग बेबीनं नवीन यादी दाखवली, रकाने हवे तसे करता येतात म्हणाली, आणि त्यांच्या डोक्यात आलं, की मग ठिपक्याचाही होईल.

डॉक्टरचा कोटही त्यांनीच दिला होता. कोटाला लावलेल्या पट्टीवरचं नाव वाचता आलं नाही, आणि दोन्ही कापडं हाताला सारखीच लागली.

"बेबीला का नाही सांगत?" तिनं विचारलं.

"ती मला घरी बसवेल," मास्तर म्हणाले. "रागानं बसवलं असतं तर भांडलो असतो. ती प्रेमानं बसवेल. त्याला काय करणार?"

बाहेरच्या खोलीतलं शिवणयंत्र थांबलं. आत्यानं बसल्या जागेवरून सांगितलं, की एवढं हळू बोलायची गरज नाही, तिला सगळं ठाऊक आहे. दादा सुईत दोरा ओवून घ्यायला तिच्याकडे यायला लागला तेव्हाच कळलं होतं. तो गप्प बसला म्हणून तीही गप्प बसली. आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

वेबसाइटवालीनं मास्तरांना दोन गोष्टी सांगितल्या. रकाना राहील, आणि हवा तेवढा नीट करून देईन. पण मला बेबीताईंनी बोलावलंय, त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. मास्तरांनी मान हलवली. खोटं नकोच, म्हणाले. विचारलं तरच सांग. त्या दिवसापासून ते तिला अगं-तुगं करू लागले.

विचारायची वेळ लवकरच आली. एका दुपारी वेबसाइटवाली आत्याच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसली होती. आत्याला आता दुरुस्तीच्या रकान्यात रंग हवे होते, साधं उसवलेलं एका रंगात आणि जिवावरचं दुसऱ्या. तेवढ्यात बेबीताई फोनवर बोलत बोलतच आत आली. कुणाला तरी घाईनं न्यायाधीशाचा झगा हवा होता. तिचा स्वतःचा कॉम्प्युटर बंद होता, म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर, मास्तरांच्या उघड्याच असलेल्या यादीवर वाकली.

तिचं बोलणं मधेच थांबलं. तिनं फोनवरच्या माणसाला सांगितलं, की मी तुम्हाला परत फोन करते.

"हे कुणी केलंय?" ती दारात येऊन म्हणाली. तिचा स्वर चढलेला नव्हता, पण त्या आवाजानं आत्यानं पायडलवरचा पाय काढला.

"मी," वेबसाइटवाली म्हणाली. "मास्तरांनी सांगितलं म्हणून. कशासाठी, ते त्यांनाच विचारा."

मास्तर दांड्यांमधून बाहेर आले. त्यांच्या हातात न्यायाधीशाचा झगा होता. फोनवरचं ऐकून त्यांनी तो आधीच काढून आणला होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला, घडी सारखी केली, आणि जे वेबसाइटवालीला सांगितलं होतं तेच थोडक्यात लेकीला सांगितलं. कोटासकट. कुठे आवाज कापरा झाला नाही. वेबसाइटवालीला वाटलं आता बेबीताई रडेल, नाहीतर लपवलं म्हणून भांडेल. तिनं दोन्ही केलं नाही. कोड्याची उकल हवी असलेल्या माणसासारखा तिनं प्रश्न विचारला.

"आत्ता मी तुमच्यासमोर उभी आहे. तुम्हाला काय दिसतंय?"

मास्तरांनी सरळ तिच्याकडे पाहिलं. "केस दिसतात. कान दिसतात, खांदे दिसतात. मधे काही नाही. पुसलेलं."

"आणि?"

मास्तरांनी नजर वळवली. ती तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून सरकत टोप्यांच्या फळीवर जाऊन टेकली. "आणि आता तू दिसतेस. कपाळावर आठी आहे. नाकाचा शेंडा लाल झालाय."

बेबीताईनं हात पुढे करून टेबलाची कड धरली. "म्हणजे इतके दिवस तुम्ही जे तिकडे बघून बोलायचात..."

"तुलाच बघत होतो," मास्तर म्हणाले.

आत्यानं उगाचच यंत्रावरचं कापड सारखं केलं. वेबसाइटवाली आपल्या लॅपटॉपकडे बघत बसली, पण त्यावर काय होतं ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बेबीताई स्टुलावर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले. वर्षभर ती मनाशी हिशेब मांडत होती, की बाबांना कॉम्प्युटरचा राग आलाय की तिनं दुकानाची पाटी बदलली त्याचा, की ती कधीतरी तोडून काही बोलली होती त्याचा.

भांडण झालं, पण ते नंतर, आणि रीतसर झालं. बेबीताई आत्यावर चिडली, की तिनं तरी सांगायला हवं होतं. आत्या म्हणाली, की दोघं एकाच ताटात जेवता आणि मधे मला कशाला ओढता. बेबीताई वेबसाइटवालीवरही चिडली, पण तो राग तिनंच अर्ध्यावर सोडला, कारण तिला ठिपक्याबद्दल विचारायचं होतं. तिनं खुर्ची ओढली आणि स्वतः ठिपक्यावर नजर लावून नावं वाचायला बसली. एकही धड वाचता येईना. "तुम्हाला हे जमतं कसं?" ती बापाला परत परत विचारत राहिली, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच मास्तर तिला काही शिकवायला बसले. डोळा पळू द्यायचा नाही, तो लहान मुलासारखा असतो, त्याला ठिपक्यावर बसवून ठेवायचं आणि आपण गुपचूप बाजूचं बघून घ्यायचं.

मास्तर म्हणाले होते तेच खरं ठरलं: तिनं त्यांना घरी बसवायला पाहिलं, आणि प्रेमानंच. तुम्ही आराम करा, मी माणूस ठेवते, म्हणाली. मास्तरांनी तिला आतल्या खोलीत नेलं आणि सांगितलं, की कुठलाही पोशाख माग. तिनं चेटकिणीचा मागितला. मग जलपरीचा. मग मुद्दाम अवघडातला अवघड म्हणून पोस्टमनचा, पण बिनखिशांचा. मास्तर गेले आणि घेऊन आले. शेवटी तिनं दोन पांढरे कोट पुढे धरले. तिथे मास्तर अडले. त्यांनी बराच वेळ कापड चोळून पाहिलं आणि कबूल केलं, की हे त्यांना सांगता येणार नाही.

मग या अडलेल्या जागेचं काय करायचं यावर चौघं बोलत बसले. आत्या म्हणाली, की आचाऱ्याच्या कोटाच्या कॉलरला आतून एक गाठ मारून देते, हाताला लागेल. वेबसाइटवालीला वाटलं, यादीत जे केलंय ते पट्ट्यांवरही करता येईल. तिनं कपड्यांना लावायच्या पट्ट्या छापून आणल्या, जाड पुठ्ठ्याच्या, डावीकडे ठिपका आणि दोन बोटं सोडून नाव. त्या सगळ्या दांड्यांवर लावायला त्यांना बरेच दिवस लागले. गिऱ्हाइकांनी विचारलं, तर आत्या सांगायची, की आमच्याकडे ठिपका नसलेला माल खोटा समजायचा.

बेबीताई पुढच्या वेळी डॉक्टरकडे बापाबरोबर गेली. डॉक्टरनं नवीन काही सांगितलं नाही. वाढ सावकाश आहे, लक्ष ठेवायला हवं, दर काही महिन्यांनी दाखवत जा. तिथे शिकवणाऱ्या बाईला तिनं यादीचा फोटो दाखवला. बाईंनी तो बराच वेळ बघितला आणि मग अक्षराच्या जाडीविषयी दोन सूचना केल्या. त्या बेबीताईनं तिथूनच वेबसाइटवालीला कळवल्या.

पुढे काही आठवड्यांनी वेबसाइटवाली अक्षराची जाडी बदलायला पुन्हा दुकानात गेली. बेबीताईचं आणि मास्तरांचं एका शाळेच्या मागणीवरून बोलणं चाललं होतं. पंधरा मेंढ्या हव्या होत्या आणि दुकानात मेंढ्या होत्या बारा. मास्तर नजर फळीकडे लावून सांगत होते, की तीन बकऱ्यांची शिंगं काढून चालवता येतील. बेबीताईला अजून सवय झाली नव्हती. बाबा तिकडे बघतात म्हटल्यावर ती नकळत त्यांच्या नजरेसमोर जाऊन उभी राहिली, आणि मास्तर बोलायचे थांबले.

"गेलीस," ते म्हणाले.

ती पटकन बाजूला झाली. त्यांनी बिचाऱ्यांनी तिला शोधायला नजर हलवली, आणि ती परत त्या मधल्या पुसट जागेतच सापडली. असं दोनदा झालं. आत्या यंत्रामागून हसत होती.

"तू एका जागी उभी राहा," मास्तर म्हणाले. "कुठे बघायचं ते माझं मी बघतो."

बेबीताई हात बांधून उभी राहिली. मास्तरांनी डोळे फिरवले, तिला नीट जागेवर आणलं, आणि शिंगं काढली तरी शेपट्यांचं काय करायचं, यावर त्यांचं बोलणं पुढे सुरू झालं.